अळणीवहिनीचा भोपळ्याचा सॉस

त्या घराचा एक नियम होता. नियम कसला, घराण्याचा बाणाच म्हणा ना: डोळ्यांत पाणी आल्याशिवाय बाटलीला बूच नाही. तिखट सॉसचं मोठं पातेलं शेगडीवरून उतरलं की घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने चमचाभर जिभेवर घ्यायचा, आणि बाकीच्यांनी त्याच्या डोळ्यांकडे टक लावून बघत उभं राहायचं. पाणी तरारलं की टाळ्या, आणि लाकडी हातोडीने पहिलं बूच ठोकायचं. नाही तरारलं तर पातेलं परत शेगडीवर आणि त्यात आणखी मिरच्या. खाली दुकान, दुकानामागे सॉस करायची खोली, वर राहायची जागा, आणि तिन्हीकडे वास एकच. नवखं गिऱ्हाईक दारातच शिंकायला लागायचं, आणि त्याची गल्लीला भारी गंमत वाटायची.

अशा घरात सून आली ती नेमकी तिखट न सोसणारी. आता तुम्ही म्हणाल, मग दिलीच कशाला तिथे? दिली नाही हो, तिची ती आली. तिच्या आईची बेकरी होती. तिथे बाटल्या पोचवायला या घरचा थोरला मुलगा गाडी घेऊन यायचा. बोलायचा कमी, गाडी हाकायचा सावकाश, आणि काहीही विचारलं तरी "बघू" म्हणायचा. तिला तो आवडला. प्रेमात पडताना कुणी सासरच्या मिरच्या चाखून बघतं का?

पहिल्याच जेवणाला तिच्या ताटात उकडलेल्या बटाट्यांवर तो लालभडक सॉस पडला. पहिल्या घासाला तिच्या नाकातून, डोळ्यांतून धारा लागल्या, कानशिलं पेटली. टेबलाभोवती सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. "पास! सूनबाई पास!" सासरे गरजले. त्यांना खरंच आनंद झाला होता बरं का, त्यात खोट नव्हती. त्या घरात रडू येणं म्हणजे जेवण आवडणं. फक्त सासूबाई तिच्या कानाशी लागून म्हणाल्या, "पाणी पिऊ नकोस, पाण्याने वाढतं. ब्रेड खा. होईल सवय."

सवय झाली नाही. माणसाला कशाचीही सवय होते म्हणणाऱ्यांना एकदा त्या टेबलावर बसवायला हवं होतं. ती रोज रडत जेवायची, मग हळूहळू सॉस टाळायला लागली, मग कोरडा ब्रेड घेऊन कोपऱ्यात बसायला लागली. धाकट्या दिराच्या ते लगेच लक्षात आलं. दीर तोंडाचा फटकळ, दुकानाचा गल्ला आणि गप्पा दोन्ही सांभाळणारा. त्याने तिचं नाव ठेवलं अळणीवहिनी, आणि नाव असं चिकटलं की दूधवालासुद्धा खालून हाक मारताना तेच म्हणायचा.

अळणी माणसाला चव घ्यायचं काम कोण देणार? म्हणून तिला धुरी दिली. मागच्या अंगणात विटांचं एक उंच कपाट होतं, त्याला ते धुरीघर म्हणत. खाली फळझाडाचं ओलसर लाकूड धुमसत ठेवायचं, वर जाळीच्या ट्रेमध्ये मिरच्या पसरायच्या, आणि दिवसभर हवा आत सोडणाऱ्या झडपेशी खेळत बसायचं. जाळ होऊ द्यायचा नाही आणि धूर मरू द्यायचा नाही. कुणालाच नको असलेलं काम. कपड्यांना वास, केसांना वास. ती मात्र तिथे रमली. धुराने डोळ्यांत पाणी यायचं, पण ते कुणी टाळ्या वाजवून मागत नव्हतं. लाकूड आज कुरकुरतंय की सुस्कारतंय हे ती पाठमोरी ओळखायला लागली, आणि मिरच्या अशा उतरायच्या की साल मऊ चामड्यासारखी आणि वास आख्ख्या अंगणाला. तिखटाच्या आगीत त्या वासाचा मागमूसही उरायचा नाही. याचं तिला फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बघू."

सासूबाई गेल्या तेव्हाची गोष्ट. त्यांचे कपडे आवरायचं काम सुनेकडे आलं. दाराआड लटकणारा जुना एप्रन तिने उचलला आणि खिशात हात घातला, तर खिशात साखरेचे खडे. काही अर्धवट चोखलेले, कापडाला चिकटलेले. दुसरा एप्रन बघितला, त्यातही तेच. म्हणजे उभा जन्म त्या बाईने टेबलावर टाळ्या झेलल्या, आणि उठून आत जाऊन साखर चोखली! सून तिथेच जमिनीवर बसली. रडली नाही. तिला राग आला. 'सवय होईल' म्हणून सांगणारीलाच सवय झाली नव्हती. त्या दिवशी तिने मनाशी पक्कं केलं, की आपण असं जायचं नाही. खडे तिने एका वाटीत काढले आणि वाटी खिडकीत ठेवली.

पुढे सासऱ्यांना घशाचं दुखणं झालं. मोठे उपचार झाले, माणूस वाचला, पण तोंड आतून सोलून निघालं. डॉक्टरांनी तिखटाला साफ बंदी घातली. पण ऐकतो कोण? म्हातारा वर सूप पण फुंकून फुंकून प्यायचा, आणि पातेलं उतरलं की काठी टेकत खाली येऊन चमचा जिभेवर घ्यायचा. डोळ्यांतून घळाघळा पाणी. दीर टाळ्या वाजवायचा, "बघा, आमच्या बाबांची जीभ!" सून तोंड फिरवायची. ती जीभ नव्हती, ती जखम होती. पण तेवढं दिसायला डोळे लागतात, आणि त्या घरातले डोळे पाणी बघण्यात गुंतलेले.

व्हायचं तेच झालं. पानगळ सुरू झाली तशी मागणी वाढली, आणि एका दुपारी ती बाजारात गेलेली असताना दिराने धुरीघराची झडप सताड उघडली. लवकर होईल म्हणे! लाकडाने जाळ धरला आणि खालच्या ट्रेमधल्या सगळ्या मिरच्या करपल्या. ती परत आली तेव्हा त्या पातेल्यात पडल्या होत्या. वासावरूनच ती म्हणाली, "भाऊजी, हे फेकून द्या. कडू झालंय."

"तुम्ही चाखलंत?"

"चाखायला कशाला हवंय? वास येतोय की."

"कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते तरी बरं. तुम्ही तर तिखटही न होता शिकवायला लागलात!" दीर हसला. "बाबा ठरवतील."

बाबांनी चमचा घेतला. पाणी आलं. येणारच! त्यांच्या तोंडात नुसतं मीठ घातलं असतं तरी आलं असतं. टाळ्या झाल्या, बूच ठोकलं, बाटल्या गाडीत चढल्या. आणि आठवडा उलटायच्या आत त्याच गाडीतून त्या परत आल्या. खानावळवाल्याने तर दुकानाच्या पायरीवर बाटली उपडी केली आणि विचारलं, "हा सॉस आहे की काजळी?"

दिराने खापर फोडलं धुरीवर, म्हणजे वहिनीवर. झडप कुणी उघडली, हे सासऱ्यांना ठाऊक होतं, पण ते गप्प बसले. आपली जीभ गेली हे त्यांना त्या दिवशी कळलं होतं. ते वर गेले ते खाली यायचेच बंद झाले. मग जेवायचेही बंद झाले. सूप समोर आलं की भिंतीकडे तोंड. "भूक नाही," एवढंच. ज्या माणसाच्या नावाने गल्लीत पैजा लागायच्या तो आता पाणी घातलेल्या दुधावर आला होता. दिवसेंदिवस गालफडं बसत चालली.

सुनेला त्यांचा रागही होता आणि कळवळाही येत होता. दोन्ही एकाच चुलीवर शिजतात कधी कधी. तिने बाजारातून एक लाल भोपळा आणला, चांगला जाडजूड, देठाशी घट्ट. उभा चिरला, बिया काढल्या आणि पालथा घालून भट्टीत ठेवला. साल काळी पडून आतला गर लोण्यासारखा खाली बसला. सालीसकट भाजलेला लसूण, एक आंबट सफरचंद, कांदा, थोडं व्हिनेगर. आणि तिच्या स्वतःच्या हातच्या धुरीच्या मिरच्या, मोठ्या, मांसल, बिया आणि शिरा पूर्ण काढलेल्या. मंद शिजवून चाळणीतून गाळलं. रंग आला तो बाहेर फुटपाथवर पडलेल्या पानांचा. आणि चव? पहिल्यांदा भोपळ्याची गोडी, मग धूर, आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, घशाशी जरा ऊब. बस्स. दारावर हळूच टकटक करून मागे उभं राहावं तशी.

इतक्या वर्षांनी त्या घरात धुराची चव ऐकू आली. हो, ऐकूच आली म्हणते मी. आग ओरडायची थांबली की मग ऐकू येतं.

तिने ताटलीत मऊ बटाटा कुस्करला, वर दोन चमचे घातले आणि सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी वास घेतला. मान वळवली. चमचाभर खाल्लं, थांबले, जीभ टाळूवर फिरवली. मग सगळं खाल्लं आणि ताटली ब्रेडने पुसून घेतली.

"काय आहे हे?"

"भोपळा."

"भोपळा!" ते इतके दचकले की जणू कुणी त्यांना परीक्षेत भोपळाच दिलाय. "खाली बोलू नकोस हं कुणाला."

ती बोलली नाही. रोज वर ताटली जायला लागली, रोज पुसून परत यायला लागली. गाल भरले. आवाज परत आला. जिन्यात पावलं वाजली की म्हातारा ताटली उशीमागे लपवायचा, आणि एक दिवस ते तिच्या डोळ्यांसमोर झालं. नवरा चपला शोधत खोलीत आला आणि सासऱ्यांनी भरली ताटली पांघरुणाखाली सरकवली. चादरीला केशरी डाग पडला. सुनेच्या डोळ्यांपुढे एप्रनचा खिसा उभा राहिला.

नवरा गेल्यावर ती म्हणाली, "मामंजी, उद्यापासून नाही."

"म्हणजे?"

"चोरून खाणार असाल तर मी करणार नाही. या घरात एक बाई जन्मभर चोरून साखर चोखत राहिली. मी तिचे खिसे झाडलेत. आता पुन्हा तेच मला बघायचं नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "कोण? कुणाबद्दल बोलतेस?"

तिने खिडकीतली वाटी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी एक खडा उचलून बघितला, परत ठेवला.

"माझ्या सॉसला बूच हवंय," ती म्हणाली. "खाली, टेबलावर, सगळ्यांसमोर. घराच्या बाटलीत. मग खा हवा तेवढा. नाहीतर मी आईच्या बेकरीत चूल मांडते, तुम्ही बसा दूधपाणी पीत." असं सासऱ्यांना त्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. ती जिना उतरली आणि माघारी वळली नाही.

पुढचं पातेलं उतरायचं त्या सकाळी लांब टेबलावर नेहमीसारखी तयारी झाली. बाटल्या, बुचं, हातोडी. दिराचं लाल पातेलं मधोमध. शेजारचा कुलूपवाला नेहमीसारखा तमाशा बघायला दारात. सून स्वतःचं पातेलं घेऊन आली, तर दीर आडवा.

"वहिनी, हे काय? भोपळ्याचं सरबत? इथे तिखट विकतात. आजारी माणसांची पथ्यं नाही."

"आजारी माणसांनाही जीभ असते, भाऊजी."

"लोक हसतील! म्हणतील, घराण्याने मिरची सोडून भोपळा धरला. तिखट आणि तुम्ही म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य, ते घरात ठेवा. हे पातेलं टेबलावर येणार नाही."

नवरा गाडीत बाटल्या भरत होता. तो आत आला, हात पुसले, बायकोच्या हातातलं पातेलं घेतलं आणि टेबलावर ठेवलं. लाल पातेल्याच्या शेजारी, अगदी मधोमध.

"अरे दादा!"

"बघू ना," नवरा म्हणाला, आणि तिथेच हाताची घडी घालून उभा राहिला.

तेवढ्यात जिन्यात काठी वाजली. सासरे कितीतरी दिवसांनी खाली उतरत होते. सगळे बाजूला झाले. ते खुर्चीवर बसले, लाल पातेल्याकडे बघितलंही नाही. भोपळ्याच्या सॉसमध्ये चमचा बुडवला, सगळ्यांच्या देखत तोंडात घातला. मग दुसरा. मग ब्रेडचा तुकडा बुडवून तिसरा.

आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आलं!" दिराच्या जिवात जीव आला. एवढा वेळ बापाला जेवताना बघून त्याचाही विरोध पातळ झाला होता, आणि आता नियमानेच त्याची सुटका केली होती. "आलं पाणी! झालं की मग, नियमात बसलं. वहिनी, तुम्ही जिंकलात. मारा बूच!" त्याने टाळीही वाजवली आणि हातोडी तिच्यापुढे धरली.

दुसरी कुणी असती तर घेतली असती. जे हवं होतं ते समोर आलं होतं, हात पुढे करायचा अवकाश. तिने हात पाठीमागे नेले.

"मामंजी, कशाने आलं पाणी?"

म्हाताऱ्याने चमचा खाली ठेवला. "हे तिला आवडलं असतं," तो म्हणाला. "मला माहीत होतं गं. ती उठून आत जायची तेव्हा कळायचं मला. मी टाळ्याच वाजवत राहिलो."

सुनेने एप्रनच्या टोकाने त्यांचे डोळे पुसले, जरा रागानेच. "मग हे पाणी माझ्या सॉसचं नाही. माझ्या सॉसने कुणाला रडवलेलं नाही आणि तो रडवणारही नाही. रडून पास व्हायचं असतं तर मी पहिल्याच दिवशी झाले होते. आधी डोळे कोरडे होऊ द्या. मग पुन्हा चाखा. कोरड्या डोळ्यांनी हो म्हणालात तरच बूच, नाहीतर हे पातेलं मी उचलते."

"काय हट्ट आहे!" दीर पुटपुटला. "नियम पाळला तरी भांडण!"

"भांडण नियमाशीच आहे, भाऊजी."

मग काय, सगळे थांबले. एका म्हाताऱ्याचे डोळे सुकायची वाट बघत मोठी मोठी माणसं ताटकळली. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. थांबण्याचा कंटाळा येऊन कुलूपवाला पुढे झाला आणि म्हणाला, "मी चाखू का तोवर?" त्याने ब्रेड बुडवून खाल्ला, परत बुडवला. त्याचे डोळे ठणठणीत कोरडे. "खरं सांगू का? रागावू नका. इतकी वर्षं तुमचा सॉस नेतोय, पण एकही बाटली संपवलेली नाही. भीतीच वाटते हो! एक बाटली तर खिडकी उघडी राहावी म्हणून फटीत लावलीय. हा मात्र आज संपेल."

दिराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण सासरे हसले. पोटातून आलेलं खरं हसू. हसता हसताच त्यांनी चौथा चमचा घेतला. सावकाश गिळला. मग मान वर करून सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं, डोळे उघडे ठेवून, म्हणजे कुणाला शंका राहायला नको.

"चांगला आहे," ते म्हणाले. "मला आवडतो. मी रोज खातो हा."

टाळ्या वाजल्या नाहीत. वाजवायच्या कशावर, हेच कुणाला कळेना. म्हाताऱ्याने स्वतः उठून दिराच्या हातातली हातोडी घेतली आणि सुनेला दिली. तिने बाटली भरली, बूच ठेवलं, आणि ठोकलं ते इतक्या जोरात की टेबलावरचे चमचे उडाले. वर्षानुवर्षांचं ठोकणं होतं ते, एका घावात कसं मावणार? तिने आणखी दोन घाव घातले.

दुपारी जेवायला बसताना ती सवयीने ब्रेड घेऊन कोपऱ्याकडे निघाली होती. सासऱ्यांनी शेजारची खुर्ची काठीने मागे ओढली. सासूबाईंची होती ती. ती बसली. बटाट्यांवर दोन्ही बाटल्या फिरल्या. दिराने लाल सॉस घेतला, दोन घास खाल्ले, नाक ओढलं आणि कुणाकडेही न बघता हात पुढे केला.

"वहिनी, तो तुमचा जरा इकडे सरकवा."

"डोळ्यांत पाणी येणार नाही हं, भाऊजी. चालेल ना?"

"द्या हो!"

तिने बाटली दिली आणि घास घेतला. त्या घरात आल्यापासून त्या टेबलावर ती पहिल्यांदाच पोटभर जेवली, आणि शेवटच्या घासापर्यंत तिचे डोळे कोरडे होते.